सुप्याचं स्पेलिंग

आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांचा आठवडी बाजार पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा. कुणाची आत्या तिथं दिलेली, कुणाचा मामा तिथला. तरी आठवीच्या वर्गात विचारलं, "१२ मे १८७५ ला सुप्यात काय झालं?" तर सगळे गप्प.

त्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्यातल्या सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि मिळाले तिथं जाळले. पुढं हे लोण नगर जिल्ह्यात पोचलं. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. आपल्याच भागात सुरू झालेली गोष्ट मुलांना ठाऊक नसावी, याचं मला फार वाईट वाटलं.

गूगलवर 'सुपे' टाकून मी कित्येक संध्याकाळी घालवल्या. प्लॉटच्या जाहिरातींपलीकडे काही मिळेना. मग लक्षात आलं, शोधायचं ते त्या काळच्या नावानं. इंग्रजांच्या कागदात सुप्याचं 'सुपा' झालेलं, पुण्याचं 'पूना', आणि आपला तालुका तेव्हा भीमथडी. (पारनेरचं सुपा वेगळं, तिथं घोटाळा होतो.) अशी नावं टाकल्यावर इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या साइटवर १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, सापडलं. तीन भाग, सगळे फुकट उतरवता येतात. स्कॅनमधली अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, म्हणून शोधाच्या चौकटीवर विसंबू नका. अनुक्रमणिका बघून पानं स्वतः उलटा.

दुसरी मोलाची जागा एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेची. त्यांच्या बारावीच्या इतिहासाच्या तिसऱ्या भागात या दंग्यांवर सविस्तर मजकूर आहे, पीडीएफ मोफत. अमेरिकेतल्या यादवीमुळं १८६१ नंतर इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ ला युद्ध संपलं, मागणी घटली, उधारी आटली, त्यात शेतसाऱ्याची नवी आकारणी वाढीव. सरकारी चौकशी आयोगानं मात्र साऱ्याला दोष दिला नाही, सगळं सावकारांवर ढकललं. हे मी वर्गात मराठीत सांगितलं आणि विचारलं, अहवाल कुणी लिहिला? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सारा घेणाऱ्यांनी." त्या दिवशी तास सार्थकी लागला.

एका मुलीनं विचारलं, "सर, खत जाळलं म्हणजे युरिया?" तेव्हा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे, देवनागरीत शब्द टाकला की अर्थ समोर. खत म्हणजे शेणखत आणि खत म्हणजे कर्जाचा लेखी कागदही. दंग्याच्या अठरा वर्षं आधीचा कोश, म्हणजे त्या माणसांच्याच तोंडची भाषा. मुलांनी मग रोखा, कूळ, गहाण असे शब्द मोबाईलवर स्वतः काढले.

आता नगरचं गॅझेटियर उतरवून ठेवलंय. सोमवारी त्यातली गावं मुलं भिंतीवरच्या नकाशावर लाल खडूनं खुणावणार आहेत.