अकरा विजय, दोन पराभव

रात्रपाळी करणाऱ्या उपसंपादकाला निधनाच्या बातम्यांची सवय होऊन जाते. ज्येष्ठ नेत्याची प्रकृती खालावल्याचे कळले की त्याच्या जीवनपटाची कॉपी, म्हणजे छापायचा मजकूर, आधीच तयार ठेवायची, हा सगळ्याच दैनिकांतला रिवाज आहे. तो निर्दयपणाचा वाटला तरी त्याला इलाज नसतो, कारण छपाईची वेळ कोणासाठी थांबत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे माजी आमदार आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी, शुक्रवारी रात्री, सोलापुरातल्या रुग्णालयात निधन झाले तेव्हा आमच्याकडेही अशी कॉपी तयार होती. अडचण एवढीच होती की ती एक नव्हती, तीन होत्या. एक आमच्या सांगोल्याच्या वार्ताहराने दोन दिवस आधी पाठवलेली, दुसरी मुंबई कार्यालयाची आणि तिसरी २०१४ च्या विजयानंतर कोणीतरी लिहून संगणकात ठेवून दिलेली. तिन्हींतले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते.

त्यात सांगोला, मंगळवेढा आणि पंढरपूर तालुक्यांची डाक आवृत्ती, म्हणजे गाड्यांनी बाहेरगावी जाणारा अंक, आमच्याकडे सर्वांत आधी सुटायची. म्हणजे ज्या तालुक्यात या मजकुराचा शब्दन्‌शब्द तपासून वाचला जाणार होता, त्याच तालुक्याच्या पानाला सर्वांत कमी वेळ होता. पहिल्या पानावरची मुख्य बातमी आणि आतले एक पूर्ण पान बदलायचे ठरले, ऑपरेटरने जाहिरातीच्या जागा सोडून पान मोकळे केले आणि मी आकडे जुळवायला बसलो.

मुंबईहून आलेल्या कॉपीत पहिल्याच वाक्यात ‘सलग अकरा वेळा निवडून आलेले’ असे होते. आमच्या डेस्कवरच्या नव्या मुलाने निवडणूक आयोगाचे अहवाल उघडून सर्वसाधारण निवडणुकांचे निकाल एकामागून एक पाहिले आणि मान वर करून सांगितले, “सर, अकरा नाही भरत. दहाच होतात.” त्याची बेरीज बरोबर होती. १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा दहाच सर्वसाधारण निवडणुका देशमुखांनी जिंकल्या. अकरावा विजय या अहवालांत सापडत नाही, कारण तो पोटनिवडणुकीतला आहे. १९७२ मध्ये सांगोल्यातून काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले, त्यांच्या निधनामुळे जागा रिकामी झाली आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत देशमुख पुन्हा विधानसभेत गेले. त्यामुळे ‘अकरा’ हा आकडा खरा होता आणि ‘सलग’ हा शब्द खोटा. १९७२ आणि १९९५ अशा दोन निवडणुका ते हरले होते.

कारकिर्दीच्या वर्षांचाही असाच घोळ होता. एका कॉपीत ‘५५ वर्षे आमदार’ होते, दुसऱ्यात ‘अर्धशतकाहून अधिक काळ’. १९६२ ते १९७२ ही दहा, १९७४ ते १९९५ ही एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस, अशी बेरीज ५१ च्या आसपास जाते. ५५ हा आकडा कोठून आला असावा याचा अंदाज करता येतो: पहिल्या विजयापासून कार्यकाळाच्या अखेरीपर्यंतची सगळी वर्षे धरून त्यातून काहीतरी वजा केले की असले आकडे तयार होतात आणि एकदा छापले गेले की पुढची प्रत्येक कॉपी ते उचलते. आम्ही ‘सुमारे ५० वर्षे’ असे लिहिले.

खरा वाद झाला तो मथळ्यावर. तिसऱ्या कॉपीत, म्हणजे २०१४ च्या जुन्या मजकुरात, देशमुखांनी तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांचा सर्वाधिक वेळा आमदार होण्याचा विक्रम मोडला असे ठामपणे लिहिलेले होते आणि हे वाक्य त्या काळात इतक्या ठिकाणी छापून आले होते की त्यावर शंका घेणाऱ्यालाच वेड्यात काढले जाईल. मात्र करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा तमिळनाडू विधानसभेवर निवडून आले आणि त्यांतले बारा विजय २०१४ पूर्वीचेच होते. केरळमध्ये के. एम. माणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा विजयी झाले. ओमन चंडी यांनी पुतुपल्लीतून बाराव्यांदा निवडणूक जिंकली त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. म्हणजे देशातला विक्रम हा दावा टिकणारा नव्हता. महाराष्ट्रात मात्र अकरा वेळा विधानसभा जिंकलेला दुसरा माणूस नव्हता. शिवाय करुणानिधींनी वेगवेगळे मतदारसंघ घेतले, तर देशमुखांचे अकराही विजय एकाच सांगोल्यातून आणि एकाच शेतकरी कामगार पक्षाचे.

रात्रीच्या प्रमुखांचे म्हणणे असे पडले की आजच्या दिवशी ‘देशातील’ हा शब्द काढला तर आपण त्यांना कमी लेखतो असे वाचकांना वाटेल, आणि पराभवांचा उल्लेख तर अजिबातच नको, कारण माणूस गेलेल्या रात्री पराभव कोणी छापत नाही. त्यांचा मुद्दा व्यवहाराला धरून होता हे मान्य करूनही मी हट्ट सोडला नाही. देशमुखांच्या कारकिर्दीतले दोन पराभव वगळले तर त्या कारकिर्दीचे मर्मच निघून जाते, असे माझे मत होते आणि आजही आहे.

१९७२ चे पाहा. बांगलादेश युद्धानंतरच्या त्या निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, विरोधकांचे भले भले गड कोसळले आणि सांगोलाही त्यात गेला. त्या लाटेत हरलेल्या कित्येकांनी पुढे काँग्रेसची वाट धरली. शेतकरी कामगार पक्षाचे नेते त्याआधीही आणि त्यानंतरही एकेक करून काँग्रेसमध्ये जातच होते. देशमुख गेले नाहीत. दोन वर्षांनी, दुष्काळाने पिचलेल्या त्याच तालुक्याने त्यांना परत निवडून दिले. १९९५ ची गोष्ट तर अधिकच विचित्र आहे. राज्यभर काँग्रेसविरोधी वारे होते, शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि नेमके त्याच वर्षी सांगोल्यात काँग्रेसचे शहाजीबापू पाटील १९२ मतांनी जिंकले. तेव्हा देशमुखांनी अडुसष्ट वर्षे पूर्ण केली होती. त्या वयात, इतक्या थोडक्यात हरल्यावर, बहुतेक माणसे सत्काराला आणि आत्मचरित्राला लागतात. हे १९९९ ला पुन्हा उभे राहिले, जिंकले आणि त्यानंतर आणखी तीनदा जिंकले. त्यांतला शेवटचा विजय वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, २०१४ मध्ये, सुमारे पंचवीस हजारांच्या फरकाने. समोर पुन्हा शहाजीबापूच होते.

शेवटी तडजोड झाली. मथळ्यात ‘महाराष्ट्राचे’ आले, ‘सलग’ गेले आणि आतल्या पानावर निवडणुकांची एक चौकट द्यायचे ठरले, ज्यात जिंकलेली आणि हरलेली सर्व वर्षे पोटनिवडणुकीसह असतील.

चौकट झाल्यावर मुख्य मजकुराला हात घातला, आणि तिथे मला एक वेगळीच अडचण दिसली. तिन्ही कॉप्यांचा निम्मा मजकूर साधेपणावर खर्च झालेला होता. एस.टी.ने प्रवास, आमदार निवासातली साधी राहणी, मोटारींचा ताफा नाही. हे सगळे खरे आहे आणि सांगोला आगारातल्या लोकांनी ते वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. पण साधेपणाचे कौतुक ही आपल्याकडे सर्वांत स्वस्त श्रद्धांजली झाली आहे. माणूस एस.टी.ने मुंबईला गेला एवढे लिहिले की तो तिथे जाऊन काय करत होता हे सांगायची गरज राहत नाही. मी एस.टी.चा परिच्छेद खाली नेला आणि वर काम आणले.

ते काम बव्हंशी विरोधी बाकांवरचे होते, हे लक्षात घ्यायला हवे. मंत्रिपद त्यांना दोनदा मिळाले: १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले आणि आघाडी सरकारातून त्यांचा पक्ष मुदत संपण्याआधीच बाहेर पडला, म्हणून दोन्ही वेळा ते पद थोडक्यात संपले. बाकीची सगळी वर्षे हातात होती ती तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना ही सभागृहात सरकारला जाब विचारण्याची आयुधे. सत्तेबाहेरच्या आमदाराला आपल्या तालुक्यासाठी पाणी मागायचे असेल तर त्याला मंत्रालयातल्या फाइलीमागे धावता येते, सभागृहात तोच प्रश्न अधिवेशनामागून अधिवेशन विचारता येतो आणि बाहेर माणसे गोळा करता येतात. देशमुखांनी हे तिन्ही केले. कृष्णा खोऱ्यातल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांच्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह आटपाडीला ज्या पाणी परिषदा भरत गेल्या, त्यांच्या प्रमुख धुरीणांत ते होते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना वर्षानुवर्षे चर्चेत राहिल्या त्यामागे या परिषदांचा रेटा होता.

सूतगिरणीचा परिच्छेद वार्ताहराच्या कॉपीत होता, पण अगदी शेवटी आणि दोन ओळींत. मी त्याला फोन लावला. रुग्णालयाबाहेरच्या गर्दीतून तो ओरडून बोलत होता: “सर, आमच्याकडं कापूस होत नाही, गिरणी चालती, हे एवढं तरी वर घ्या.” त्याचे खरे होते. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या कापसाच्या पट्ट्यात निघाल्या आणि त्यांतल्या कित्येक कर्जात बुडून बंद पडल्या. ज्या तालुक्यात ज्वारी, बाजरी, डाळिंब आणि खिलार जनावरांचा बाजार यांवर लोकांचे पोट चालते, तिथली शेतकरी सहकारी सूतगिरणी बाहेरून कापूस आणून चालत राहिली, नफ्यात राहिली, आणि महिलांची स्वतंत्र सूतगिरणीही पुढे उभी झाली. एखादी सहकारी संस्था काढणे आपल्याकडच्या आमदाराला कठीण नसते. ती लुटली न जाऊ देणे कठीण असते. हे वाक्य मी कॉपीत लिहिले होते, पण जागेअभावी ते गेले. दुसऱ्या दिवशी त्याच सूतगिरणीच्या आवारात त्यांच्यावर अंत्यसंस्कार होणार असल्याचे कळल्यावर तो परिच्छेद आपोआपच वर गेला.

पक्षाविषयी लिहिणे सर्वांत अवघड होते. १९४७ नंतर काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या नेत्यांनी उभा केलेला हा पक्ष एकेकाळी राज्यातला मोठा विरोधी पक्ष होता. २०१४ मध्ये देशमुख अकराव्यांदा निवडून आले तेव्हा सभागृहात त्यांच्यासह पक्षाचे तीन आमदार होते. एका माणसाने आपली जागा पन्नास वर्षे राखली आणि त्याच काळात त्याच्या भोवतीचा पक्ष रायगड आणि सांगोल्यापुरता उरला, ही दोन्ही विधाने शेजारी ठेवली की श्रद्धांजलीच्या मजकुरात ती टोचतात. तरीही मी ती ठेवली. स्वतःच्या तालुक्याबाहेर पक्ष वाढवणे त्यांना जमले नाही, आणि २०१९ ला त्यांनी स्वतः न लढता नातू अनिकेत यांना पुढे केले तेव्हा सांगोलाही शहाजीबापूंकडे ७६८ मतांनी गेला.

पान सुटले तेव्हा डाक आवृत्तीच्या गाड्या आधीच उभ्या होत्या. सकाळी, मी जागा होण्याच्या आत, कार्यालयात सांगोल्याकडच्या एका गावातून फोन आला होता आणि दुपारी तो माझ्याकडे पुन्हा आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. त्यांची तक्रार चौकटीबद्दल होती. देशमुखांना तिकडे सगळे आबासाहेब म्हणत.

“आबासाहेब गेल्याच्या दिवशी १९२ चा आकडा कशाला छापला ओ?”

मी विचारले, “आकडा चुकला आहे का, आजोबा?”

“चुकला नाही. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाबी पाठ हाय त्यो. पण चौकटीत नको हुता.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले की चौहत्तरची पोटनिवडणूक आम्हाला कुठे सापडली, कारण बाकीच्या पेपरांत ती नव्हती, आणि त्या वेळी आपण पक्षाचा लाल बावटा घेऊन कोणत्या वाड्या-वस्त्यांवर फिरलो ते सांगत राहिले. मी नावे टिपून घेतली. त्यांतली दोन-तीन गावे रविवारच्या अंकासाठी वार्ताहराला कळवली आणि तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांना भेटून यायला सांगितले.