सांगून गाळलेली टेस्ट

रविवारच्या मेगाब्लॉकला आपण मुंबईकर कितीही शिव्या घातल्या तरी एक मानावंच लागतं, तो सांगून येतो. माटुंगा ते मुलुंड धीम्या गाड्या जलद मार्गावर, विद्याविहार, कांजूर, नाहूर वगळून. चिडचिड होते, पण फलाटावर ताटकळायची वेळ येत नाही.

सी भाषेतल्या प्रोजेक्टमध्येही काही टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, अशा वगळाव्या लागतात. एखादीला एसएसएलची (सुरक्षित जोडणीची) लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, हवी असते, एखादीला डेटाबेस. नसेल तर टेस्ट गाळायची, इथवर सगळ्यांचं एकमत. भांडण पुढे, गाळायची कुठे?

हाताशी असतो इफडेफ, म्हणजे 'अमुक नाव (मॅक्रो) डिफाइन झालं असेल तरच पुढचा कोड घे' अशी सूचना. मेनमधला, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमधला, सगळा कोड हॅश-इफडेफ आणि हॅश-एंडिफच्या मध्ये घातला की झालं. लायब्ररी नसली की प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरच्या आधी कोड चाळणारा टप्पा, तो कोड कंपायलरपर्यंत पोचूच देत नाही. उरतं नुसतं 'रिटर्न झिरो', आणि टेस्ट रनरच्या, म्हणजे सगळ्या टेस्ट चालवून निकाल मोजणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी शून्य म्हणजे पास! काहीच न तपासता हिरवी खूण. त्यात मॅक्रोच्या नावात एक अक्षर चुकलं तर लायब्ररी असूनही टेस्ट बंद, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. त्याच्या दृष्टीने ते नाव डिफाइनच झालेलं नाही. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्येच इफडेफच्या अतिवापराविरुद्ध पेपर लिहिला होता. त्यांचा विषय पोर्टेबिलिटीचा, म्हणजे एकच कोड वेगवेगळ्या सिस्टिमवर चालवण्याचा, पण दुखणं हेच.

त्यापेक्षा निर्णय बिल्डच्या फाइलवर, म्हणजे प्रोजेक्ट कसा बांधायचा हे लिहिलेल्या फाइलवर, सोपवावा. सीमेक या बिल्डच्या साधनात लायब्ररी सापडली तरच अ‍ॅड-टेस्ट, म्हणजे टेस्ट यादीत घालायची आज्ञा. टेस्टची फाइल स्वच्छ राहते, उघडली की टेस्टच वाचायला मिळते. गोम एवढीच, की यादीतूनच गेलेली टेस्ट पुढे कुणाला आठवत नाही. निदान कॉन्फिगर करताना, म्हणजे बिल्डची तयारी होताना, तसा मेसेज तरी छापावा.

माझा जीव मात्र ऑटोमेक या दुसऱ्या बिल्ड साधनाच्या ७७ या आकड्यावर. टेस्टने संपताना हा आकडा (एक्झिट कोड) परत दिला की ती पासमध्येही धरली जात नाही आणि फेलमध्येही. अहवालात 'स्किप' म्हणून वेगळी मोजली जाते. सीटेस्ट या सीमेकच्या टेस्ट रनरमध्ये स्किप-रिटर्न-कोड ही प्रॉपर्टी ७७ लावली की तेच. इफडेफचाच हट्ट असेल तर एल्समध्ये, म्हणजे लायब्ररी नसतानाच्या भागात, ७७ तरी परत करा, बाबांनो.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या एका मित्राला हे पटत नाही. म्हणतो, "स्किपचा आकडा दिसला की मॅनेजर विचारतात, हे काय?" विचारू देत की. त्या निमित्ताने कुणीतरी बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे जिथे या टेस्ट चालतात त्या मशीनवर, ती लायब्ररी टाकेल.