चकाकी घालवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं बफिंगचं, म्हणजे धातू घासून चकाकवायचं, शेड आहे. इथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक चकाकी मागतं. परवा हातकणंगल्याकडचे एक मामा आले, पोत्यातनं मोटरसायकलची पुढची ब्रेक डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ह्याची चमक घालवून द्या. कंपनीतनं येती तशी दिसाय पायजे."

डिस्क आरशासारखी होती. माझा चेहरा दिसत होता तिच्यात. काम वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. हिरव्या लस्टरवर, म्हणजे पॉलिशच्या वडीवर, कुणीतरी सवडीनं, मन लावून केलेलं होतं. फक्त ते जिथं कधीच करू नये तिथं केलेलं होतं.

आमच्याकडं दुचाकीचं काम बहुतेक अलॉय व्हील, हब आणि इंजिनच्या कव्हरांचं. लोकांना वाटतं, मोटरीवर फिरणाऱ्या बफला, म्हणजे घासायच्या गोल चाकाला, व्हील धरलं की झालं. खरं तर बफ लागायच्या आधीच निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असतं. टायर, बेअरिंग, सील, डिस्क सगळं उतरवायचं. रंग रिमूव्हरनं काढायचा. काही जण व्हील कॉस्टिकच्या टाकीत बुडवतात. कॉस्टिक रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातं आणि खाताना हायड्रोजन सोडतं. असं खाल्लेलं व्हील आलं की मी हात लावत नाही. मग घासायचा 180 चा पेपर, नंतर त्याहून बारीक 320, 600, आणि प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा मारायचा, म्हणजे मागच्या रेघा गेल्या की राहिल्या ते कळतं. एखादी रेघ राहिली तर बफ ती घालवत नाही, उलट उजळ करून दाखवतो. त्यानंतर सायझलचा, म्हणजे घायपाताच्या राठ दोऱ्याचा, बफ आणि तपकिरी लस्टर, शेवटी मऊ कापडी बफ. मोटर मिनिटाला 2800 च्या आसपास फेरे घेते. व्हील बफच्या मध्यरेषेखालीच धरायचं आणि स्पोकची कडा बफच्या अंगावर येऊ द्यायची नाही. आली, की बफ व्हील हातातनं हिसकावून पायावर आपटतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या कामाची मोटर मी वेगळी ठेवलीय, तिच्यावर लोखंड-स्टील चालत नाही. शेजारपाजारच्यांना हा नाद वाटतो. 2014 च्या ऑगस्टमध्ये चीनमधल्या कुनशानला मोटारींच्या व्हील्सना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला आणि 146 माणसं गेली. आमचाच धंदा, आमचंच काम. स्टीलची ठिणगी आणि अ‍ॅल्युमिनियमची धूळ ओढून घेणाऱ्या एकाच नळीत जाऊ द्यायची नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

डिस्कचं मात्र मी फक्त मधलं करतो, बोल्टच्या आतलं आणि तिथनं बाहेरच्या पट्ट्याकडं जाणाऱ्या दांड्यांचं, तेही मोटरीविना, हातानं. ब्रेकचे पॅड, म्हणजे डिस्कला आवळणारे गुटके, जिथं घासतात तो बाहेरचा पट्टा मी सोडतो. का, हे गिऱ्हाइकाला सांगून सांगून तोंड दुखतं. नव्या डिस्कच्या पट्ट्यावर ग्राइंडिंगच्या बारीक रेघा असतात. पॅड त्यांच्यावर घासून बसतात आणि आपला पातळ थर तिथं सोडतात, मग ब्रेक धरतो. पॉलिशनं तो थरही जातो आणि त्या रेघाही. त्याहून वाईट म्हणजे लस्टर. लस्टर म्हणजे नुसती पूड नव्हे, ती मेण आणि चरबीसारख्या चिकट पदार्थांत बांधलेली असते. डिस्कच्या भोकांच्या कडेला ती काळी मेणचट होऊन बसते, गरम झाली की सुटते आणि पॅडमध्ये मुरते. मुरलेलं पॅड धुऊन सुधारत नाही. मामांच्या डिस्कच्या भोकांत टाचणी घातली, तर टोकाला तेच काळं निघालं.

मामांनी मग सगळं सांगितलं. पोरानं जोतिबाच्या यात्रेआधी गाडी चकाचक करून घेतली, व्हीलबरोबर डिस्कही. करणाऱ्यानं नाही म्हटलं नाही. पंधरवड्यात उसाच्या ट्रॉलीमागं ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. खांद्याचं हाड मोडलं, जिवावरचं हाडावर निभावलं. पोरगं आता गाडीवर बसत नाही, दवाखान्याचं बिल बसलंय, गाडी विकायचीय. बघायला आलेल्यांचा मिस्त्री डिस्क बघून नाक मुरडतो.

त्यांचा राग मला येईना. बाप म्हणून बोलत होते ते.

मी म्हटलं, "मामा, आधी मापूया." डिस्कच्या आतल्या अंगाला बारीक अक्षरं कोरलेली असतात. हिच्यावर 'मिन टीएच 3.5' होतं, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या खाली गेली की डिस्क भंगार. जाडी मोजायचा मायक्रोमीटर घेऊन भोकांमधल्या जागा धरत गोल फिरलो. एका ठिकाणी 3.5 भरली. पुढं 3.4. समोरच्या अंगाला 3.3. झिजलेलीही आणि असमानही.

खरी गोष्ट इथं होती. पॅडनं झिजलेली डिस्क लपत नाही. पट्ट्यावर खोबणी पडतात, आणि बाहेरच्या कडेला, जिथं पॅड पोचत नाही तिथं, एक कंगोरा उभा राहतो. नख फिरवलं की तो लागतो. चांगला मिस्त्री त्या कंगोऱ्यावरनंच ओळखतो की गाडीचं वय सोडा, डिस्क संपलीय. ह्या डिस्कवर खोबणी नव्हती, कंगोराही नव्हता. पॉलिशवाल्यानं एमरीनं, म्हणजे खरखरीत घासकागदानं, सगळं सपाट करून मगच बफ मारला होता. आरसा हवा म्हणजे तसंच करावं लागतं. त्यात जे थोडं धातू शिल्लक होतं तेही गेलं आणि झिजल्याची खूणही गेली.

आणि आता मी तिच्यावर नव्या रेघा ओढायच्या होत्या. मला ते जमतं. चुन्याची भुकटी लावून मेण उतरवायचं, डिस्क हळू फिरवत ठेवायची, एमरीचा कागद ठोकळ्यावर गुंडाळून आडवा-तिरपा फिरवायचा. अर्ध्या तासात कंपनीतली दिसेल आणि कुणाचा मिस्त्री नाक मुरडणार नाही. जुन्या गाडीच्या बाजारात टायरची नक्षी बघतात, किलोमीटर बघतात, इंजिनचा आवाज ऐकतात. डिस्कला मायक्रोमीटर लावणारा माणूस मी तिथं पाहिलेला नाही.

मी नाही म्हणालो. मामांना आकडे दाखवले, कोरलेली अक्षरं दाखवली, बोट धरून वाचायला लावली. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "तुमी न्हाई केलं तर दुसरा करंल." मी म्हटलं, "करंल." भंगाराच्या भावापेक्षा जास्त देतो, डिस्क इथंच ठेवा, असंही बोललो. त्यांनी ती पोत्यात घातली आणि मोबाईल नंबर तेवढा वहीत लिहून गेले.

आमच्या धंद्यातल्या लोकांचा मला राग येतो तो इथं. पॉलिशवाला म्हणतो, मला गिऱ्हाइकानं सांगितलं, ब्रेक माझं खातं नाही. गॅरेजवाला म्हणतो, पॉलिश मी केलं नाही. दोघांच्या मधनं डिस्क परत गाडीला बसते आणि रस्त्यावर येते. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, पॅडच धरत नसेल तर तो काय करणार?

हाताखालच्या पोरानं त्या दिवसापासून माझ्याशी वाद घातलाय. त्याचं म्हणणं, डिस्क टेबलावर होती तेव्हाच हॅकसॉची खाच मारून टाकायची होती, म्हणजे ती कुणी बसवलीच नसती. मी म्हटलं, दुसऱ्याच्या वस्तूवर करवत चालवायची नसते. तो म्हणाला, "आणि गाडी घेणारा? त्याला कोण इचारतंय?" त्याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही. खाच मारणं चूकच, असं मला अजूनही वाटतं, आणि तरी तो म्हणतो ते खोडता येत नाही.

मामांना मी फोन केला. नव्या डिस्कचा आणि पॅडच्या जोडीचा भाव काढून सांगितला, पॅड जुने ठेवू नका म्हटलं, बसवून देणारा मिस्त्री माझा, मजुरी माझ्याकडं. गाडीचा भाव त्यापेक्षा जास्त वाढेल, हेही सांगितलं, आणि ते खरंच आहे. "बघतो," म्हणाले. रविवारी जुन्या गाड्यांचा बाजार असतो, त्याच्या आत परत फोन लावणार आहे.