वर्षातून दोन सुया

25 जुलै 2024, गुरुवार

म्युनिकच्या जागतिक एड्स परिषदेतले निकाल आज जेवणाच्या सुट्टीत वाचले. डबा तसाच राहिला. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या 16 ते 25 वयाच्या 5338 मुली. त्यांतल्या 2134 जणींना एचआयव्ही रोखण्यासाठी लेनाकापाविर या औषधाचं इंजेक्शन दिलं, वर्षातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. एकीलाही लागण झाली नाही. एकीलाही! रोजची गोळी दिलेल्या दोन गटांत मिळून 55 जणींना झाली, कारण बहुतेकींकडून गोळी रोज घेतलीच गेली नाही.

ती का घेतली जात नाही, हे मला कुणी समजावायला नको. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशन करताना रोज बघते. बायका डबीवरचं लेबल नखानं खरवडून काढतात. गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबतात आणि डबी तांदळात खोल खुपसून ठेवतात. सासू तांदूळ काढायला उठली की यांचा जीव टांगणीला.

वाचताना सारखं एक जोडपं डोळ्यांसमोर येत होतं. 2011च्या दिवाळीनंतर आले होते. ती पॉझिटिव्ह, नवरा निगेटिव्ह. तिचा सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, 580. तो बराच खाली गेल्याशिवाय तेव्हाच्या नियमानं औषध नाही. मी चांगली बातमी सांगावी तसं म्हणाले, "ताई, अजून गोळ्यांची गरज नाही. सहा महिन्यांनी या." निरोध दिले, नीट समजावून सांगितलं. उठताना तिनं विचारलं, "मग यांना काही होणार नाही ना मॅडम?"

याचं उत्तर त्याच वर्षी जुलैत रोमच्या परिषदेत मांडलं गेलं होतं. एका अभ्यासात नऊ देशांतली अशीच 1763 जोडपी होती, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह; त्यांत आपल्या पुण्याचीही. पॉझिटिव्ह असलेल्याचं औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. जोडीदाराकडून झालेल्या 28 लागणींपैकी 27 उशिरा औषध मिळालेल्या गटातल्या होत्या. आपल्याकडे सीडी-फोर न बघता सगळ्यांना औषध मिळू लागलं ते एप्रिल 2017मध्ये.

तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट 2014मध्ये पॉझिटिव्ह आला. तो माझ्यावर चिडला नाही. "नशीब," एवढंच म्हणाला. नशीब नव्हतं ते. औषध होतं, फक्त त्यांच्यापर्यंत आलं नव्हतं.

म्हणून आज आनंद झाला आणि लगेच मी वर्षं मोजायला लागले. अमेरिकेत लेनाकापाविर उपचारासाठी वर्षाला 40 हजार डॉलरच्या वर पडतं. भरपूर प्रमाणात बनवलं तर 40 डॉलरला देता येईल, असा हिशेबही म्युनिकमध्येच मांडला गेला. माझा त्यावर विश्वास आहे. 2001मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा त्याच उपचाराला परदेशी कंपन्या 10 हजारांच्या वर घेत होत्या.

ते दोघं अजून येतात, एकाच तारखेला. दोघांच्याही रक्तात आता विषाणू सापडत नाही.

संध्याकाळी वहीचं नवं पान काढलं. ज्यांचा जोडीदार अजून निगेटिव्ह आहे, अशांचे नोंदणी क्रमांक लिहायला घेतले. नावं नाहीत, फक्त क्रमांक. रजिस्टर चाळून एकतीस झाले. उरलेलं उद्या.