विमान धुऊन झाल्यावर मागे काय राहतं?

स्वतःचं छोटं विमान असेल तर ते स्वतःच्या हातानं धुवावं असं माझं ठाम मत आहे. माणूस लावून धुऊन घेता येतं हे मान्य, पण फडकं घेऊन पोटाखाली आडवं पडल्याशिवाय आपल्या विमानाची नीट ओळख होतच नाही. फक्त या विषयावर कुठेही बोलणं निघालं की शाम्पू कुठला, वॅक्स कुठलं, चकाकी किती टिकते यातच सगळा वेळ जातो. मला काळजी असते ती वेगळ्याच गोष्टीची. घाण काय, थोडी घासाघीस केली की निघतेच, पण धुणं संपल्यावर विमानावर आणि विमानात आपण काय सोडून जातोय? चिकटपट्टी, पाणी, साबण, नको तिथे गेलेलं वॅक्स, मोठे धोके बहुतेक यातच असतात.

चिकटपट्टीपासूनच सुरू करते. 2 ऑक्टोबर 1996 ला एरोपेरूची फ्लाइट 603, बोइंग 757, मध्यरात्रीनंतर लिमाहून निघाली. त्याआधी विमानाची धुलाई आणि पॉलिश झालं होतं आणि ते करताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. स्टॅटिक पोर्ट म्हणजे विमानाच्या अंगावरची ती बारीक भोकं, ज्यांच्यातून बाहेरच्या हवेचा दाब अल्टिमीटर (उंची), व्हर्टिकल स्पीड (चढण्या-उतरण्याचा वेग) आणि एअरस्पीडच्या (हवेतला वेग) मीटरपर्यंत पोचतो. ती बुजली की अल्टिमीटर जागेवर थिजतो, वर चढताना एअरस्पीड खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि खाली उतरताना जास्त, म्हणजे जेव्हा मीटरवर विश्वास ठेवायची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ते खोटं सांगतात. खाली काळोखा समुद्र, बाहेर बघून अंदाज घ्यायला काहीच नाही, आणि विमान पाण्याला लागलं तेव्हा अल्टिमीटर 9,700 फूट दाखवत होता. विमानातली सगळी 70 माणसं गेली. ती पट्टी धुणाऱ्याला, त्याचं काम तपासणाऱ्याला आणि निघण्याआधी विमानाभोवती फेरी मारणाऱ्या पायलटला, कुणालाच दिसली नाही, हे मला आजही फार लागतं.

म्हणून आमच्या विमानाला मी चंदेरी, पांढरी किंवा पारदर्शक पट्टी लावूच देत नाही. भडक लाल किंवा केशरी, सहज निघणारी, आणि प्रत्येक तुकड्याला हातभर लांब रिबन लोंबती, म्हणजे दहा पावलांवरूनही दिसेल. पिटो ट्यूबला, म्हणजे एअरस्पीडसाठी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या नळीला, पट्टी नाहीच, तिचं ते लाल झेंडीवालं कव्हर घालायचं. काय काय झाकलं ते कागदावर लिहायचं आणि तो कागद कॉकपिटमध्ये थेट योकला, म्हणजे विमान वळवायच्या हँडलला, अडकवायचा, तो काढल्याशिवाय बसताच येऊ नये असा. विमान दोघातिघांचं मिळून असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण धुणारा एक आणि दुसऱ्या दिवशी उडवणारा दुसराच असतो. फ्युएल टँकचे व्हेंट (हवा आत जायची भोकं) आणि स्टॉल वॉर्निंगचं, म्हणजे पंखाची उचल संपत आल्याचा इशारा देणारं, छिद्र किंवा पाती याही गोष्टी त्या कागदावर हव्यात. स्टॅटिक पोर्ट नेमके कुठे आहेत ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, कुठे ते फक्त डाव्या बाजूला असतात, कुठे दोन्ही बाजूंना, आणि बऱ्याच पायपर विमानांत तर पिटो आणि स्टॅटिक दोन्ही पंखाखालच्या एकाच पात्यात असतात.

पाण्याचा बादलीत थेंबही पडायच्या आधी कॉकपिट बघायचं. मॅग्नेटो (इंजिनाच्या ठिणगीची वीज बनवणारा भाग) स्विच ऑफ, किल्ली काढून खिशात, मिक्श्चर कट-ऑफ म्हणजे इंजिनाचं पेट्रोल बंद, मास्टर ऑफ, चाकांना चोक. एवढं करूनही प्रॉपेलर कधीही सुरू होऊ शकतो असंच समजून वागायचं, कारण मॅग्नेटोला स्वतःची वीज स्वतः तयार करता येते आणि त्याची अर्थिंगची वायर, जिला पी-लीड म्हणतात, ती तुटली असेल तर स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो जिवंतच असतो. ब्लेड पुसताना ते हातानं फिरवायचं नाही, फिरण्याच्या वर्तुळात डोकं घालायचं नाही, आणि ओल्या फडक्यानं हबकडून टोकाकडे पुसत जायचं, ओढत न्यायचं नाही. पुसता पुसता बोटाला कडेवर खाच लागली तर मेकॅनिकला दाखवा, त्या खाचेतूनच पुढे तडा जातो. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल हे सगळं आधीच उतरवून ठेवा, पेंटवर ओरखडे पडण्याचं ते नेहमीचं कारण.

प्रेशर वॉशर विमानापासून लांबच ठेवा, मला यात तडजोड मान्य नाही. जोराचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं, सील ओलांडतं, अँटेनाच्या बुडातून आत शिरतं, आणि एकदा आत गेलं की कुठे साचलंय ते आपल्याला कळत नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये फ्रान्सच्या पर्पिन्यांजवळ एक ए320 समुद्रात पडलं, सातही जण गेले. काही दिवस आधी ते विमान पाण्याच्या फवाऱ्यानं धुतलं होतं आणि अँगल ऑफ अटॅकच्या, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन मोजणाऱ्या, सेन्सरना झाकलं नव्हतं, आत गेलेलं पाणी वर थंडीत गोठलं आणि तीनपैकी दोन सेन्सर एकाच जागी अडकून बसले, मग कॉम्प्युटरनं बरोबर असलेल्या तिसऱ्यालाच चुकीचा ठरवलं. अपघाताला इतरही कारणं होती, पण आत राहिलेलं पाणी किती लांबून घात करू शकतं ते यातून दिसतं. छोट्या विमानाला साधा नळाचा पाइप, मऊ धार, स्पंज आणि सौम्य साबण एवढं पुरतं.

साबण कुठला याला एकच निकष, तो विमानाच्या अॅल्युमिनियमला आणि स्टीलला चालतो का. घरगुती किंवा गाडीच्या इंजिनाचे कडक डीग्रीझर बरेचदा अल्कलाइन असतात, ते अॅल्युमिनियम खातात आणि पत्र्यांच्या जोडांत जाऊन बसले की खातच राहतात. हाय-स्ट्रेंग्थ स्टीलमध्ये तर काही केमिकलमुळे हायड्रोजन शिरून धातू ठिसूळ होतो, बाहेरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस पार्ट तुटतो. डब्यावर विमानासाठी असल्याचं आणि बोइंगच्या डी6-17487 सारख्या, क्लीनर विमानाला चालतो का हे बघणाऱ्या चाचणीचं नाव असेल तर मला बरं वाटतं. साबण खालून वर लावत जावा, नाहीतर वरून ओघळलेले पट्टे कोरड्या घाणीवर वाळतात आणि निघता निघत नाहीत, आणि मग पाणी मात्र वरून खाली, भरपूर. उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे काम करूच नका, साबण तिथल्या तिथे सुकतो.

सगळ्यात घाण भाग म्हणजे पोट, आणि माझा जास्तीत जास्त वेळ तिथेच जातो. एक्झॉस्टची काजळी, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) आलेलं ऑइल, चाकांनी उडवलेला चिखल. छोट्या विमानांच्या 100एलएल पेट्रोलमध्ये लिटरला 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं आणि ते जळाल्यावर एक्झॉस्टच्या मागे जो राखाडी थर बसतो त्यात शिशाची संयुगं असतात, म्हणून ग्लोव्ह आणि डोळ्यांना गॉगल हवेच, आणि ते पाणी कुठल्याही गटारात सोडू नका, धुण्यासाठी नेमून दिलेल्या जागेवरच धुवा. पण हाच थर पुसताना विमान आपल्याशी बोलायला लागतं. रिव्हेटच्या मागे काळी शेपटी दिसली तर तो रिव्हेट सैल होऊन घासतोय, निळसर डाग म्हणजे पेट्रोल गळतंय कारण 100एलएलला निळा रंगच असतो, लाल ओशटपणा म्हणजे ब्रेकचं किंवा स्ट्रटचं (चाकावरचा धक्का शोषणारा खांब) हायड्रॉलिक ऑइल. नुसतं पुसून पुढे जाऊ नका, आधी फोटो काढा, मग पुसा, आणि पुढच्या फ्लाइटनंतर परत तिथेच बघा.

लँडिंग गिअरला पाणी कमीत कमी, ब्रेक आणि बेअरिंग झाकून. स्ट्रटचा चकचकीत दांडा हायड्रॉलिक ऑइलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसावा, त्यावरची धूळ सीलला कापत असते. इंजिनाची धुलाई मी करत नाही, मॅग्नेटो आणि अल्टरनेटर झाकून योग्य सॉल्व्हंटनं करायचं ते काम आहे, मेकॅनिकनंच करावं.

विंडशील्ड म्हणजे काच नसते, अॅक्रिलिक असतं, आणि इथे चांगली चांगली माणसं घाई करतात. अमोनियावालं ग्लास क्लीनर, पेट्रोल, अॅसिटोन, थिनर यातलं काहीही लागलं तर अॅक्रिलिकमध्ये बारीक तड्यांचं जाळं उठतं आणि मावळतीच्या उन्हात समोर पांढरं धुकं धरल्यासारखं होतं. ते मग निघत नाही, विंडशील्डच बदलावं लागतं. आधी नुसतं पाणी वाहू द्यायचं, मग मोकळ्या हातानं हळूच चाचपायचं की वाळूचा कण राहिला नाही ना, मग सौम्य साबण, आणि मऊ स्वच्छ मायक्रोफायबरनं वरखाली सरळ पुसायचं, गोल गोल नाही. पेपर टॉवेल नकोच. सुकं घासलं तर स्थिर वीज तयार होऊन धूळ उलट चिकटते. विंडशील्डचं फडकं पोट पुसलेल्या फडक्यांत मिसळू नये म्हणून मी त्याचा रंगच वेगळा ठेवते.

आता वॅक्स. पॉलिश आणि वॅक्स एक नाही, पॉलिशमध्ये घासणारा कण असतो आणि तो दरवेळी थोडा पेंट नेतो, रिव्हेटच्या डोक्यावर पेंट आधीच पातळ असतो त्यामुळे मशीन तिथे रेंगाळू देऊ नका. पेंट न दिलेला अल्क्लॅड पत्रा असेल तर आणखी जपून, गंजापासून वाचवणारा शुद्ध अॅल्युमिनियमचा थर पातळ पत्र्यात दर बाजूला जाडीच्या साधारण 5 टक्केच असतो आणि चकाकीच्या नादात तोच घासला जातो. नवीन पेंट असेल तर तो पूर्ण मुरेपर्यंत थांबा, सेसनाच्या जुन्या मॅन्युअलमध्ये ही मुदत 90 दिवसांपर्यंत सांगितलेली आहे. वॅक्स पातळ लावा, हातभर जागा एका वेळी, आणि पंखाची आणि शेपटीची पुढची कड, काऊलिंगचं (इंजिनावरचं झाकण) नाक, स्पिनर (प्रॉपेलरच्या मधली टोपी) इथे थोडं जाड, किडे आणि धूळ तिथेच आदळतात. सिलिकॉनवालं वॅक्स मला आवडत नाही, पुढे कधी पेंट किंवा फायबरचं रिपेअर करायचं झालं तर काही चिकटत नाही. स्टॅटिक पोर्टच्या आसपास वॅक्स अजिबात नको, भोकात गेलंच तर टाचणी घालू नका, तोंडानं फुंकू नका, फुंकरीनंसुद्धा मीटर खराब होतो, मेकॅनिकला बोलवा. पंखावर पाय ठेवायच्या काळ्या पट्टीवर आणि पायरीवरही वॅक्स नको, घसरून पडाल.

सगळं झालं की पट्ट्या काढायच्या, कागदाशी जुळवायच्या, आणि मग प्रीफ्लाइट, म्हणजे उडण्याआधीची तपासणी, पहिल्यापासून, कालच केलंय म्हणून सोडायचं नाही. एलेरॉन, एलेव्हेटर (पंखाच्या आणि शेपटीच्या मागच्या हलत्या पट्ट्या), पोट यांची ड्रेन होल मोकळी आहेत का बघा, कंट्रोल सरफेसमध्ये पाणी राहून वर गोठलं तर त्याचा तोल बिघडून फ्लटर, म्हणजे हवेत जोराची थरथर, होऊ शकते. प्रत्येक टँकच्या तळातून पेट्रोल काढून पाणी आलंय का बघा, फ्युएल कॅपचं रबर जुनं असेल तर पंखावर साचलेलं पाणी सरळ टँकमध्ये जातं. धुतल्यानंतरची पहिली फ्लाइट दिवसाची, स्वच्छ हवेतली, एअरफील्डजवळचीच ठेवा, आणि अल्टरनेट स्टॅटिक (स्टॅटिक पोर्ट बुजले तर दाब घ्यायची पर्यायी सोय) असेल तर त्याचा नॉब कुठे आहे ते बसल्या बसल्या हात लावून बघा. टॅक्सी करताना ब्रेक दोनतीनदा हलके दाबून सुकवा. टेकऑफ रोलमध्ये एअरस्पीडची सुई उठली की नाही ते मोठ्यानं बोला, आणि उठली नाही तर थ्रॉटल मागे, ब्रेक, आणि परत हँगरला, रनवे शिल्लक असतानाच.