वही दिली, गाणी नाही दिली

बाबांच्या वहीला लाल कापडी पुठ्ठा होता. प्रत्येक अभंगाच्या शेवटच्या चरणात त्यांची मुद्रा, ‘मलप्रभेचा दास’. खानापुरात त्या नदीच्या काठीच त्यांचा जन्म गेला. २०११ साली ते वारले, तेव्हा आईने वही भजनी मंडळाच्या बुवांच्या हातात ठेवली. ‘म्हणत राहा,’ एवढंच म्हणाली.

गेल्या आषाढीला मोबाईलवर एक भजन आलं. शब्द बाबांचे. शेवटच्या चरणात मात्र ‘मलप्रभेचा दास’ जाऊन ‘विठ्ठलाचा दास’ आलेलं, आणि खाली गीतकार म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकवेना. बुवांना फोन केला तर म्हणाले, “अगं, वहिनींनी वहीच दिली की आम्हाला!”

बेळगावात एका वयस्कर वकिलांकडे गेले. ते म्हणाले, “वही ही वस्तू. दिली की गेली. गाण्यांवरचा हक्क वेगळा, तो लिहून सही करून दिल्याशिवाय जात नाही.” १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या हयातीत असतो आणि त्यानंतर ६० वर्षं. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून, म्हणजे बाबांच्या गाण्यांवर २०७१ अखेरपर्यंत आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा हक्क. न छापलेली वही मृत्युपत्राने कुणाच्या नावे केली असती, तर एरवी हक्कही तिच्याबरोबर गेला असता. बाबांनी मृत्युपत्र केलंच नव्हतं.

आमच्या २२ गुंठ्यांचा उतारा कन्नडमध्ये येतो, शेजाऱ्यांकडून वाचून घ्यावा लागतो. पण येतो तरी. गाण्यांच्या हक्काची नोंद आम्ही कुठेच केलेली नाही, आणि ती सक्तीचीही नाही. बाबांनी ओळ कागदावर उतरवली तेव्हाच तो हक्क झाला.

मंडळाने देवळात फुकट म्हणायला कायद्याची आडकाठी नाही, हे ऐकून फार बरं वाटलं. भजन थांबावं असं मला कधीच वाटलं नाही. पण नाव पुसायचं? हक्क विकून टाकला तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाचाच राहतो. कलम ५७. त्याच्या माघारी तो वारसांना बजावता येतो.

काल तिघांनी पत्रावर सह्या केल्या. आईने चष्मा पुसून दोनदा वाचून घेतलं, मग खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: ‘वही तुमच्याकडेच राहू दे, शेवटचा चरण तेवढा होता तसा म्हणा.’