पॅरिसजवळचा किलोग्रॅम

पॅरिसमध्ये राहायला आल्यावर सगळे आयफेल टॉवरबद्दल विचारतात. मला मात्र सांगावंसं वाटतं ते शहराच्या नैऋत्येला, सेन नदीकाठी असलेल्या सेव्ह्रबद्दल. तिथे आंतरराष्ट्रीय वजन-मापे कार्यालय आहे. 1889 पासून जगभरातला प्रत्येक किलो इथल्या तळघरातल्या एका दंडगोलावरून ठरत होता. उंची 39 मिलिमीटर, व्यासही तेवढाच, 90 टक्के प्लॅटिनम आणि 10 टक्के इरिडियम. तिजोरी उघडायला तीन वेगवेगळ्या किल्ल्या लागत.

त्याआधी, 1795 मध्ये, फ्रेंचांनी ग्रॅम पाण्यावरून ठरवला होता: वितळत्या बर्फाच्या तापमानाला एक घन सेंटिमीटर पाण्याचं वस्तुमान. कल्पना सुरेख होती, कारण पाणी सगळ्यांकडे असतं. पण पाणी अचूक मोजणं फार कठीण, म्हणून धातू आला.

आणि धातूबरोबर एक विलक्षण पेच आला. दंडगोलाच्या अधिकृत प्रती काही दशकांनी त्याच्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा शंभर वर्षांत सुमारे 50 मायक्रोग्रॅमचा (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) फरक पडलेला दिसला. बदललं कोण, मूळ की प्रती? व्याख्येनुसार मूळ दंडगोल नेहमीच बरोबर एक किलो! त्याच्यावर धूळ बसली असती तर अख्खं विश्व तेवढं हलकं झालं असतं. मला हे मनापासून खटकतं. सगळ्या जगाचं माप एका खोलीत कुलूपबंद असू नये.

नोव्हेंबर 2018 मध्ये व्हर्सायला सदस्य देशांनी मतदान केलं आणि 20 मे 2019 पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या क्वांटम भौतिकीतल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, ठरतो. या स्थिरांकाचं मूल्य 6.62607015 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद असं कायमचं पक्कं केलं आहे. ते वस्तुमानापर्यंत पोहोचवायला ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रायन किबल यांनी सुचवलेला तराजू वापरतात. त्यात वस्तूच्या वजनाला विद्युतचुंबकीय बलाने तोलतात आणि वीज क्वांटम परिणामांच्या आधारे मोजतात. त्या मोजणीतच प्लांकचा स्थिरांक येतो. सिलिकॉनच्या जवळजवळ निर्दोष गोळ्यातले अणू मोजणं हा दुसरा मार्ग.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्या दंडगोलाची 57 क्रमांकाची प्रत आहे. तिचं नातं आता सेव्ह्रच्या धातूशी नाही, निसर्गाच्या स्थिरांकाशी आहे. आणि मूळ दंडगोल? नव्या व्याख्येच्या दिवशी त्याच्याही वस्तुमानाला प्रथमच 10 मायक्रोग्रॅमची अनिश्चितता चिकटली. इतर वजनांसारखं आता त्यालाही मोजावं लागतं.